कूस बदलली की घर फिरतं, त्यावर फिजिओथेरपीचा उपयोग होतो का?

प्रश्न असा आहे: आईचं वय ६१. तीन आठवड्यांपासून उजव्या कुशीवर वळलं की खोली गरगर फिरते आणि अर्ध्या मिनिटात थांबते. मानेचा एक्स-रे झाला, ‘मणके झिजलेत’ म्हणून पट्टा मिळाला, चकरेच्या गोळ्या चालू आहेत. आता कानाच्या डॉक्टरांनी ‘बीपीपीव्ही’ (डोक्याची स्थिती बदलली की कानामुळे येणारी थोड्या वेळाची चक्कर) असं लिहून फिजिओथेरपीला पाठवलंय. मान हलवली की चक्कर येते, मग मानेचे व्यायाम करून ती वाढणार नाही का? आणि व्हिडिओ बघून घरीच केलं तर?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हे मानेचे व्यायाम नाहीतच. दुसऱ्याचं उत्तर असं, की घरी करता येतं, पण कुठला कान आणि त्यातली कुठली नळी हे कुणीतरी डोळे बघून ठरवल्यानंतर. हे ‘नंतर’ फार महत्त्वाचं आहे, त्याबद्दल पुढे लिहितोच.

माझ्या टेबलावर एक खेळणं असतं. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी बांगडीसारखी वळवून, पाणी भरून, तोंडं चिकटवून टाकलीत. आत चार-पाच मोहऱ्या आहेत. आतल्या कानात अशा तीन बांगड्या तीन वेगवेगळ्या दिशांना बसवलेल्या असतात. डोकं वळलं की आतलं पाणी मागे रेंगाळतं, ते नळीतल्या जेलीसारख्या पडद्याला ढकलतं, आणि मेंदूला कळतं की डोकं या बाजूला या वेगाने फिरतंय. या तिन्ही नळ्या शेजारच्या एका पिशवीला जोडलेल्या असतात. त्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक स्फटिक एका चिकट थरावर रुतून बसलेले असतात. गुरुत्वाकर्षण कुठल्या दिशेला आहे ते कळण्यासाठी ते लागतात. त्यांची जागा ती पिशवी, नळी नव्हे.

वयानुसार, डोक्याला मार बसल्यावर, कानाच्या आतल्या नसेला सूज येऊन गेल्यावर, कधी बरेच दिवस अंथरुणात पडून राहिल्यावर, आणि बऱ्याचदा काहीच कारण न सापडता यातले काही कण सुटतात आणि नळीत शिरतात. आता डोकं थांबलं तरी कण घरंगळत राहतात, पाणी ओढत नेतात, पडदा वाकतो. मेंदूला वाटतं आपण फिरतोय. डोळे सांगतात, नाही, आपण पलंगावर आहोत. या भांडणाचं नाव चक्कर. कण नळीच्या तळाला जाऊन बसले की भांडण मिटतं. म्हणून ती अर्ध्या मिनिटात थांबते, आणि म्हणून पुन्हा कूस बदलली की पुन्हा येते.

एवढं समजलं तर बाकीचं आपोआप लक्षात येतं. गोळी मळमळ कमी करते, डोकं थोडं जड करते, पण नळीतली मोहरी गोळीने हलत नाही. तिला बाहेर काढायची तर नळीच फिरवावी लागते, आणि नळी कवटीत बसवलेली आहे, म्हणून अख्खं डोकं, धडासकट, ठरावीक क्रमाने फिरवायचं. उपचार तो एवढाच.

आता पट्ट्याबद्दल. एकसष्टाव्या वर्षी कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, मणके झिजलेले दिसणारच. माझे काढले तरी दिसतील. त्या झिजेचा आणि कूस बदलल्यावर येणाऱ्या गरगरण्याचा संबंध नाही. पट्टा लावला की माणूस डोकं हलवत नाही, म्हणून चक्कर येत नाही. हे म्हणजे चप्पल चावते म्हणून चालणंच सोडण्यासारखं झालं. त्यात या आजाराची एक खोड अशी की बऱ्याच जणांचा तो काही आठवड्यांत आपोआपही जातो, आणि तेव्हा जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं. कुणाचा पट्टा, कुणाच्या गोळ्या, कुणाचा आवळ्याचा रस. आमच्या फिजिओथेरपीच्या व्यवसायालाही मी यातून सोडत नाही. मानेला दहा दिवस ट्रॅक्शन (मान ताणणं) आणि शेक घेऊन आलेले रुग्ण मला दर दोन-तीन महिन्यांनी एक तरी भेटतात. त्यांचं दहा सिटिंगचं पॅकेज संपलेलं असतं आणि कण जागच्या जागी असतात.

तपासणीत काय होतं ते सांगतो, कारण तिलाच लोक जास्त घाबरतात. पेशंटला पलंगावर पाय लांब करून बसवतात, मान उजवीकडे ४५ अंश वळवतात, आणि धरून झटकन मागे झोपवतात, असं की डोकं पलंगाच्या कडेबाहेर थोडं खाली लटकेल. डोळे उघडे. हिला डिक्स-हॉलपाइक म्हणतात. १९५२ साली लंडनमध्ये मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक या दोघांनी ती नीट मांडली. त्याआधी १९२१ मध्ये रॉबर्ट बारानी यांनी अशा एका तरुण रुग्ण बाईचं वर्णन करून ठेवलं होतं. कानाच्या या तोल सांभाळणाऱ्या भागावरच्या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं, आणि ते जाहीर झालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. असो.

झोपवल्यावर पहिले दोन-चार सेकंद काहीच होत नाही. नवशिक्या थेरपिस्ट इथेच फसतो, ‘निगेटिव्ह’ म्हणून उठवून बसवतो. थांबायचं. मागच्या महिन्यातली एक निवृत्त शिक्षिका आठवते. मनात तीन आकडे मोजले, चौथ्याला त्यांनी माझं मनगट असं पकडलं की त्यांच्या बांगडीचा वळ उठला. “आलं, आलं, सोडू नका.” त्यांची बुबुळं कपाळाच्या दिशेने भराभर उड्या मारत होती, आणि त्याच वेळी खालच्या कानाकडे पिळल्यासारखी फिरत होती. पंधरा-वीस सेकंदांत जोर ओसरला, मग डोळे शांत. उठवून बसवलं तर पुन्हा थोडं, उलट्या दिशेने. हे चित्र दिसलं की निदान झालं: उजवा कान, मागची नळी. त्यासाठी एमआरआय लागत नाही. दहापैकी आठ-नऊ रुग्णांत मागचीच नळी असते, कारण बसलेलं असो की उताणं, सगळ्यात खाली तीच येते आणि कचरा उतारालाच जातो.

या शिक्षिकाबाईंनी माझ्याकडे येण्याआधी आठ दिवस व्हिडिओ बघून घरी व्यायाम केला होता, अगदी नेमाने, सकाळ-संध्याकाळ. डाव्या कानाचा. व्हिडिओतली बाई डाव्या कानाचा दाखवत होती, म्हणून डावा. आधी कान ठरवायला हवा म्हणतो तो यासाठी.

उपचाराचं नाव एप्ली. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात पोर्टलंडला जॉन एप्ली नावाचे कानाचे डॉक्टर होते. कण नळीत सुटे फिरतात आणि डोकं योग्य क्रमाने फिरवलं तर बाहेर पडतात, हे त्यांनी १९८० च्या सुमारास सहकाऱ्यांसमोर मांडलं. नुसतं डोकं फिरवून चक्कर जाते यावर फार जणांचा विश्वास बसला नाही. त्यांचा मुख्य लेख छापून यायला १९९२ उजाडलं. योग असा की त्याच वर्षी कॅनडातल्या दोन शल्यविशारदांनी शस्त्रक्रिया करताना नळीत तरंगणारे कण प्रत्यक्ष पाहिल्याचं नोंदवलं. तोवर चिवट रुग्णांची नस कापण्यापर्यंत किंवा नळी बुजवण्यापर्यंत मजल जात असे.

उजव्या कानासाठी ही एप्ली अशी करतात. बसून मान ४५ अंश उजवीकडे. झटकन उताणं, डोकं किंचित खाली. चक्कर येईल, येऊ द्यायची, ती थांबल्यावरही अर्धा मिनिट तसंच. मग डोकं न उचलता डावीकडे ९० अंश वळवायचं, म्हणजे आता नाक छताच्या डाव्या बाजूला. पुन्हा साधारण मिनिटभर. मग अख्खं शरीर डाव्या कुशीवर आणि डोकं त्याच दिशेने आणखी ९० अंश, इतकं की नाक गादीकडे. पुन्हा मिनिटभर. शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून, पाय खाली सोडून, त्याच कुशीवरून उठून बसायचं. प्रत्येक टप्प्याला कण नळीत थोडे पुढे घसरतात आणि शेवटच्या उठण्यात पिशवीत पडतात. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. उठून बसल्यावर काही जणांना एकदम खाली खेचल्यासारखं वाटतं, म्हणून मी खांदे धरून एक मिनिट समोरच उभा असतो. तेव्हाच चहा आणायला गेलेला थेरपिस्ट मला आवडत नाही.

मग दहा मिनिटं बसवून पुन्हा तीच तपासणी. शिक्षिकाबाईंना दुसऱ्यांदा झोपवलं तर डोळे शांत. त्या छताकडे बघत म्हणाल्या, “पंखा पुसायला झालाय तुमचा.”

एकदा केल्यावर दहापैकी सात-आठ जणांना आराम पडतो. उरलेल्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला. पाच-सहा वेळा करूनही डोळ्यांचं तेच चित्र दिसत असेल तर पॅकेज वाढवायचं नसतं, निदान पुन्हा तपासायचं असतं.

ज्यांची मान मागे जात नाही, पाठीला पोक आहे, त्यांच्यासाठी सिमॉन्टची पद्धत बरी पडते. यात मान मागे लटकवावी लागत नाही. पलंगाच्या कडेला बसून, नाक चांगल्या कानाकडे वळवून, झपकन आजारी बाजूवर आडवं व्हायचं, मिनिटभर थांबायचं, आणि मान तशीच ठेवून एका झटक्यात दुसऱ्या बाजूवर, नाक गादीत. वेग कमी पडला तर उपयोग होत नाही, म्हणून ऐंशीच्या आजींवर करताना दोन माणसं लागतात. ब्रँड-डॅरॉफ हा तिसरा प्रकार, १९८० चा. एका कुशीवर आडवं, उठून बसणं, दुसऱ्या कुशीवर, असं पाच वेळा, दिवसातून तीनदा, दोन आठवडे. कण बाहेर काढण्यात तो एप्लीइतका चांगला नाही. पण कान कुठला ते नक्की होत नसेल, किंवा जवळपास थेरपिस्टच नसेल, तर तो दोन्ही बाजूंना करायचा असल्याने चुकायला जागा कमी.

आडव्या नळीत कण असतील तर खेळ बदलतो. कुठल्याही कुशीवर वळलं तरी चक्कर, जास्त जोराची, उलटीसकट. तपासणीही वेगळी: उताणं झोपवून डोकं एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, आणि डोळे जमिनीकडे उड्या मारतात की छताकडे ते बघायचं. जमिनीकडे मारत असतील तर ज्या बाजूला जोर जास्त तो कान आजारी, छताकडे असतील तर जोर कमी तो. यावर एप्ली चालत नाही. पेशंटला चांगल्या कानाच्या दिशेने लोळवत पूर्ण वळसा घालायला लावतात, इंग्रजीत त्याला बार्बेक्यू म्हणतात, आपण सळईवरचं वांगं म्हणू. गुफोनी नावाची आणखी एक पद्धत आहे. हे घरी बघून करण्याचं काम नाही.

तुमच्या आईंना फक्त उजवीकडे वळल्यावर येते म्हणून उजवा कान आणि मागची नळी असण्याची शक्यता जास्त, पण मी त्यावर पैज लावणार नाही. तपासा.

आणि तपासायला नेण्याआधी हे विचारा: पलंगावर पडल्यापडल्या कूस बदलली तर येते का, की फक्त उठून उभं राहिल्यावर? फक्त उभं राहिल्यावर येत असेल तर ते बहुधा रक्तदाब खाली जाण्याचं आहे, कानाचं नाही, आणि बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांत ते फार दिसतं. वर बघून दांडीवर काठीने कपडे वाळत घालताना, माळ्यावरचा डबा काढताना, वाकून केर काढताना येते का? हो असेल तर कानाकडे बोट जातं. चक्कर तासन्‌तास टिकते, सोबत कानात आवाज आणि ऐकू कमी येतं, तर तो वेगळा आजार. आणि पुढच्यातलं काहीही असेल तर माझ्याकडे नको, थेट मोठ्या रुग्णालयात: बोलणं अडखळणं, एकाचे दोन दिसणं, तोंड वाकडं, हात-पाय लुळा किंवा बधिर, आधी कधी न झालेली डोकेदुखी, अचानक एका कानाने ऐकू येणं बंद, किंवा पडून राहिल्यावरही न थांबणारी चक्कर आणि आधाराशिवाय उभंच न राहता येणं. पक्षाघात कधीकधी चकरेच्या वेषात येतो. रेटिनाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा मानेच्या रक्तवाहिनीचा त्रास माहीत असेल तर तेही थेरपिस्टला आधी सांगा.

गोळ्यांचं म्हणाल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत उलट्या होत असतील तर जरूर घ्याव्यात. महिनोन्‌महिने घेण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांतही या आजारावर चकरेच्या गोळ्या सरसकट देऊ नयेत असंच म्हटलंय. शिवाय त्या घेऊन आलं की डोळ्यांच्या उड्या दबतात आणि तपासणी फसते. त्या दिवशी सकाळची गोळी टाळता येईल का, हे ज्यांनी दिली त्यांना विचारून घ्या, स्वतःच्या मनाने नको.

उपचारानंतर दोन रात्री बसून झोपा, तीन उशा घ्या, खाली वाकू नका, हे तुम्हाला कुणीतरी सांगणारच. सुरुवातीच्या काळात एप्लीही तसं सांगत. पुढे तुलना करून पाहिली तेव्हा न पाळणाऱ्यांचंही जवळपास तितकंच बरं होत होतं, आणि २०१७ च्या त्याच सूचनांत असे निर्बंध घालू नयेत असं म्हटलंय. मी फक्त त्या दिवशी डोकं मागे टाकून पार्लरमध्ये केस धुऊन घेऊ नका म्हणतो, आणि गाडी चालवू नका.

ज्यावर मला जास्त बोलायचंय ते वेगळंच आहे. गरगरणं गेल्यावरही आठ-पंधरा दिवस, काहींना महिनाभर, हलकं तरंगल्यासारखं वाटतं, कापसावर चालल्यासारखं. तपासणी साफ असते तरी माणूस म्हणतो, “गेलं नाही अजून.” तीन आठवडे मेंदू एका कानाचं खोटं ऐकत होता, त्याला हिशोब पुन्हा जुळवायला वेळ लागतो. त्यात भीती असते. कूस न बदलता लाकडासारखं झोपायचं, मान आणि खांदे एकत्र वळवायचे, भिंतीला हात लावून चालायचं. ही सवय चक्कर गेल्यावरही राहते आणि मग मान खरोखरच दुखायला लागते. वयस्कर बायका यातच पडतात, आणि पडणं चकरेपेक्षा महागात जातं.

इथे फिजिओथेरपीचं दुसरं काम सुरू होतं. अंगठा डोळ्यासमोर धरून त्यावर नजर ठेवायची आणि डोकं ‘नाही’ म्हटल्यासारखं हलवायचं, आधी बसून, मग उभं राहून. कोपऱ्यात, मागे भिंत आणि पुढे खुर्ची ठेवून, जाड गादीवर पाय जुळवून उभं राहायचं. गच्चीवर चालताना डावी-उजवीकडची घरं बघत जायचं. आणि मुद्दाम, दिवसातून तीन-चार वेळा, उजव्या कुशीवर वळायचं. हे शेवटचं रुग्णाला सर्वांत कठीण जातं. मी ते पहिल्यांदा समोर करवून घेतो.

परत होतं का? होतं. वर्षाला साधारण शंभरातल्या पंधरा जणांना, पाच वर्षांत जवळपास निम्म्यांना. पुन्हा झालं म्हणजे उपचार चुकला असं नाही, नवे कण सुटले. एकदा कान ठरलेला असला आणि लक्षणं अगदी तीच असली तर तेव्हा घरी एप्ली करायला माझी हरकत नसते, कुणीतरी शेजारी असेल तर. खांद्याखाली उशी ठेवली की डोकं आपोआप हवं तितकं मागे जातं, पलंगाबाहेर लटकवावं लागत नाही. पण आधी डावा होता म्हणून आताही डावाच, असं गृहीत धरू नका. वारंवार होणाऱ्यांनी ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. कोरियात ९५० हून जास्त रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात ज्यांचं ड कमी होतं त्यांना ते आणि कॅल्शियम दिल्यावर पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे दिवसभर घरात असणाऱ्या बायकांमध्ये ड कमी सापडणं नवं नाही, त्यामुळे ही तपासणी पाण्यात जायची भीती कमी.

नेताना काही गोष्टी पाळा. पोट रिकामं नको आणि गच्चही नको, दोन तास आधी हलका नाश्ता. शक्यतो सलवार-कमीज. साडी असेल तर खांद्याला पिन नको, आडवं होताना टोचते. अंबाडा किंवा मोठी क्लिप नको, डोकं नीट टेकत नाही. परत येताना रिक्षात बसून, स्कूटरवर मागे नव्हे. आणि त्याआधी चक्कर आलीच तर घाबरून हाक मारण्यापेक्षा मोबाइल काढा आणि त्यांच्या उघड्या डोळ्यांचा जवळून वीस सेकंद व्हिडिओ घ्या, कुठल्या कुशीवर होत्या ते तोंडाने बोलून. तपासणीच्या दिवशी नेमकी चक्कर येत नाही असं बऱ्याचदा होतं, तेव्हा तो व्हिडिओच कामाला येतो.